सातविणीचं रोप

जानेवारीतला रविवार. चेतना रोपांना पाणी घालायला निघाली होती, बस्स, एवढंच काम. बरोबर नाना, म्हणजे तिचे वडील भालचंद्र, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. धुकं इतकं की करोल बागेतल्या त्यांच्या घरातून समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. पण नानांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती आणि रोपांचा रविवार चुकवायचा नाही असा नेम होता. तिने त्यांच्या गळ्यात मफलर नीट गुंडाळला. राखाडी मफलर, आईने विणलेला. लोकर संपली म्हणून एका टोकाला चार बोटं लाल. आईला जाऊन सहा वर्षं झाली, तरी थंडीत नाना दुसऱ्या मफलरला हात लावत नसत.

दिल्लीतल्या आठ-दहा मराठी घरांनी मिळून एक छोटीशी संस्था काढली होती, तिचं नावच 'देवराई'. हिंदूराव हॉस्पिटलच्या पलीकडे, रिज म्हणतात त्या जंगलटेकडीवर, अर्ध्या एकराचा तुकडा त्यांना सांभाळायला मिळाला होता. विलायती कीकर, म्हणजे वेडी बाभूळ, उपटून तिथे जुनी, देशी झाडं लावायची, आणि आपल्याकडे गावाबाहेर देवाच्या नावाने रान राखतात ना, तसा तो तुकडा राखायचा. रेल्वेतून रिटायर झालेले हरिदासकाका पिंपळाच्या रोपापाशी त्रिसरण म्हणायचे. वसईचे जयंत लोपीस डोळे मिटून दोन मिनिटं प्रार्थना करायचे. ज्याचा जो देव, त्याने त्याला सांगावं आणि मग झारी उचलावी. जाळीच्या फाटकावर पाटी होती, चेतनाच्याच हातची: 'चपला बाहेर. इथलं काही बाहेर नेऊ नये, पडलेली काडीसुद्धा.'

आणि खरं सांगायचं तर चोर तीच होती.

झालं असं. गेली तीन वर्षं नानांचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. अठराव्या वर्षी कणकवलीपुढचं गाव सोडून सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आलेला हा माणूस. साठ वर्षं काढली इथे. पण आता रोज दिवस कलला की मफलर गळ्यात घालून दाराशी उभे राहायचे. "चल चेतू, घरी जाऊ." हेच घर आहे नाना, असं म्हटलं की लहान मुलासारखे रडायचे. प्रवास त्यांना झेपणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चेतनाचा जीव तुटायचा. दिवाळीत ती एकटीच गावी, अरुणाआत्याकडे जाऊन आली. परतायच्या दिवशी ती गावच्या देवराईत गेली, आणि तिथून सातविणीचं वीतभर रोप मुळासकट उपटून, ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये घालून घेऊन आली. नाना गावी जाऊ शकत नाहीत, तर गावातलं काहीतरी नानांकडे यावं, एवढाच तिचा हेतू. देवराईतून परतताना वाटेवर गुरव भेटला होता. तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगतो तेच त्याने तिलाही सांगितलं होतं: इथलं काही बाहेर नेलं, तर नेणाऱ्याचंही काही इथे येऊन राहतं. तिने मान डोलावली होती. पर्स तेव्हा खांद्यालाच होती.

रोप रिजवर लागलं. हरिदासकाकांनी तिची चेष्टाही केली, की दिल्लीच्या प्रत्येक रस्त्यावर सप्तपर्णी उभी आहे, ही बया कोकणातून घेऊन आली. कुठल्या रानातून आणलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. मनाला टोचत होतं, पण तिने टोचू दिलं.

तर त्या रविवारी फाटकाशी पोचायला अकरा वाजले होते. धुक्यामुळे बाकी कुणी आलंच नव्हतं. तिने नानांचे बूट-मोजे काढून फाटकाबाहेर ठेवले आणि त्यांना नेहमीच्या दगडावर बसवलं. स्वतः झारी घेऊन कडेच्या रोपांकडे गेली. जागा ती केवढी? इकडून तिकडे साठ-सत्तर पावलं. झाडं गुडघ्याएवढी. तिथे माणूस हरवणार कुठे?

आधी वास आला. सातविणीच्या फुलांचा तो दाट, गोडसर, डोकं जड करणारा वास. दिल्लीत तो ऑक्टोबरमध्ये येतो, दिवाळीपर्यंत विरून जातो. जानेवारीत नाही. आणि वीतभर रोपाला फुलं कुठली? चेतना झारी हातात धरून तशीच उभी राहिली. वास छान होता, खोटं कशाला बोला. झोप येईल असा होता. त्यातच खाली कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज यायला लागला. दगडावरून सावकाश घरंगळणारं पाणी. रिजवर, भर थंडीत, झरा?

ती वळली. दगडावर नाना नव्हते.

"नाना?"

हाक धुक्यात शिरली आणि परत आली नाही. ती फाटकाच्या दिशेने चालत सुटली. पावलं मोजत गेली. सत्तर झाली, शंभर झाली, जाळी लागेना. पायांखालची भुरी, कोरडी माती केव्हाच मऊ झाली होती; कुजलेल्या पानांचा थर होता तो, ओला, कोमट. तिच्या दोन्ही बाजूंना धुक्यात उभे, जाड, काळपट बुंधे होते. वर पाहिलं तर शेंडे दिसत नव्हते. ती घाबरली, पण ओरडावंसं वाटेना. देवळात ओरडावंसं वाटत नाही ना, तसं.

मग तिला नानांचा आवाज ऐकू आला. ते झाडांची नावं घेत होते. हा किंजळ, हा हेळा, ही सातवीण, हिच्या खोडावर मी नाव कोरलं होतं आणि आईने मला मारलं होतं. गेल्या तीन वर्षांतला अडखळणारा आवाज नव्हता तो. तिच्या लहानपणीचा होता, स्वच्छ, जरासा मिस्कील.

"नाना... कुठे आहात तुम्ही?"

"इथेच आहे गं." आवाज जवळूनच आला. "चेतू, तू पुढे हो. मी आलोच."

हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. ती आठ-नऊ वर्षांची असताना बाजारात नाना जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर थांबायचे आणि नेमकं हेच म्हणायचे. ती रस्त्याच्या टोकाशी जाऊन थांबायची, आणि नाना यायचे. एकदाही असं झालं नाही, की ते आले नाहीत. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून ती तेव्हा पुढे व्हायची.

आज ती झाली नाही. आज तिने धुक्यात हात घातला, हाताला हात लागला तो घट्ट धरला, आणि मागे न बघता ओढत निघाली. हात गार होता, आणि झाडाच्या सालीसारखा खरखरीत. पण थंडीत म्हाताऱ्या माणसाचा हात तसाच लागतो. वीसेक पावलांत जाळीचं फाटक आलं, बाहेर रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला. वास गेला. तिने वळून पाहिलं. नानाच होते. स्वेटर तोच, चेहरा तोच. गळ्यात मफलर मात्र नव्हता, आणि अनवाणी पायांना घोट्यापर्यंत तांबडा चिखल होता. ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि हलकेच विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

तुम्हाला.

डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच पुढे जातो, कधी ना कधी नावं जाणारच. चेतनाने ऐकून घेतलं. काय करणार? तशी तक्रार करायला जागाही नव्हती. आता नाना दिवस कलल्यावर दाराशी उभे राहत नव्हते. घरी जाऊ म्हणत नव्हते. जे पानात पडेल ते गुमान खायचे, खिडकीतल्या उन्हात दिवसभर बसायचे, पाणी मात्र तांब्याच्या तांब्या प्यायचे. बूट त्यांना ढगळ व्हायला लागले होते. बाहेर जायचं नावच काढत नव्हते, म्हणून तिने बूट माळ्यावर टाकले. मुलगी म्हणून तिला हेच तर हवं होतं, की नानांची तगमग थांबावी. ती थांबली होती. आणि तरी रात्री अंथरुणावर पडलं की तिला वाटायचं, आपण कुणाला तरी मागे ठेवून आलो.

फेब्रुवारीच्या मध्यावर अरुणाआत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग आत्याने सांगितलं, की गुरवाला देवराईत सातविणीच्या फांदीवर एक मफलर मिळाला. लोकरीचा. आता आपल्या गावात लोकरीचा मफलर घालतो कोण? राखाडी आहे, म्हणाली, आणि एका टोकाला लाल. हेमलतावहिनीची, तुझ्या आईची वीण मी ओळखते गो. भालूदादा कधी येऊन गेला का, सांगितलं नाहीस ते?

चेतनाने सगळं कबूल केलं. रोप, पर्स, रुमाल, धुकं. आत्या एवढंच म्हणाली, की आणलंस तसं नेऊन लाव, आणि लवकर. तिन्हीसांजेला देवराईतून आवाज येतो, गुरव हल्ली त्या वेळी तिकडे फिरकत नाही. कसला आवाज, ते काही तिने सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी चेतनाने हरिदासकाकांना बोलावून रोप काढलं. त्यांनाही खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, पाटीकडे एकदा बघितलं फक्त. रिजच्या भुऱ्या मातीतून मुळांचा गोळा वर आला तो लालभडक, निथळता. काकांनी तो मुकाट्याने कुंडीत बसवला.

निजामुद्दीनहून गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. नानांपाशी चार दिवस राहायला काका तयार झाले होते. बॅग भरून झाली, कुंडी टेबलावर तयार होती. नाना समोर खुर्चीत, पायांवर शाल घेऊन बसले होते. बाहेर दिवेलागण होत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"चेतना," आत्या कुजबुजत होती. "मी देवराईच्या कडेला उभी आहे. काल मला सांगवलं नाही... गावात तुला 'चेतू' कोण म्हणतं गो?"

"कुणीच नाही. नाना म्हणायचे फक्त."

"मग ऐक. फोन पुढे धरते."

आधी रातकिडे. मग दगडावरून घरंगळणारं पाणी. मग, लांबून, स्वच्छ आणि जरासा मिस्कील... "चेतू, तू पुढे हो. मी आलोच."

चेतनाने फोन कानाशी दाबून धरला. तिला 'नाना' म्हणायचं होतं, पण समोर नाना बसले होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. ते तिच्याकडे बघतही नव्हते, कुंडीकडे बघत होते.

"हे झाड परत न्यायचंय ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हो..."

"बरं करताय. त्याला इथे करमत नाही." ते जरा थांबले, आणि मग घाबरत घाबरत, परक्या माणसाकडे काही मागावं तसं म्हणाले, "मग... मलाही न्याल ना?"

आणि त्यांनी पायांवरची शाल बाजूला केली. महिनाभर त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तळव्यांना ओली तांबडी माती होती, आणि टाचेपासून निघालेली पांढरी, केसासारखी बारीक मुळं जमिनीवर पसरून ओल शोधत होती.