डोलिनाच्या उतारावरची जीप

ए, त्या दाराला आतून कडी घाल. आणि तू, तो फोन खिशात टाक, उजेड नको मला डोळ्यांवर. सांगतो ते खुद्द टॉर्किलकडून ऐकलंय. आपल्या खोऱ्यातला मेकॅनिक तो, थापा मारणारा माणूस नव्हे. पटत नसेल त्यानं आत्ताच घरी जावं.

डिसेंबरची एकवीस तारीख, शनिवार. दुपारी चारलाच मिट्ट काळोख पडलेला. टॉर्किल डोलिनाची जुनी जीप दुरुस्त करायला गेला. काम किरकोळ. गाडी पळायची, पण स्पीडोमीटरचा काटा शून्यावरून हलायचा नाही. दोन वर्षांपूर्वी डोलिनाचा नवरा फिनले हेच काम करताना त्याच जीपखाली चिरडून मेला होता. चाकापुढचा दगड सरकला, असं सगळे म्हणाले. आता फिनलेचा धाकटा भाऊ रॉडी तिच्यामागे लागला होता, माझ्याशी लग्न कर म्हणून. नवीन वर्षाला ती उत्तर देणार होती.

चहा देताना ती टॉर्किलला हळूच म्हणाली, "काट्याचं राहू दे रे. तो दगड आपोआप सरकतो का, तेवढं बघून सांग. मग मी रॉडीला काय ते सांगते."

अंगण उताराचं. जीपचं तोंड खाली, पाठ वर गोठ्याच्या भिंतीकडे. टॉर्किलनं पुढच्या चाकांपुढे दगड लावले आणि खाली सरपटला. रॉडी बॅटरी धरून उभा.

आता नीट ऐका. काटा फिरवणारं दातेरी चाक असतं ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या पेटीत. या जीपचा हँडब्रेकही त्याच पेटीच्या तोंडावर. तेव्हा त्या दातेरी चाकापर्यंत पोचायचं तर आधी मागची चाकं फिरवणारा दांडा सोडवायचा, मग ब्रेकचा ड्रम उतरवायचा. तेवढं केलं की गाडी नुसत्या दगडांवर उभी. टॉर्किलनं दोन्ही काढून बाजूला ठेवलं, नटबोल्ट खिशात टाकले.

"वा रे," तो खालून म्हणाला. "आतला नट कोणी आवळलाच नाही. दातेरी चाक सैल फिरतंय, काटा हलणार कसा? फिनले गेल्यावर हे सगळं परत बसवलं कोणी?"

"मी," रॉडी म्हणाला. "गाडी हलवायची होती."

"भलतीच घाई होती तुला." टॉर्किलनं हातानं दगड रेटून पाहिला. "आणि हा कसला सरकतोय? अख्ख्या गाडीचं वजन आहे त्यावर. कोणी घण घालून उडवला तरच निघेल."

बॅटरी विझली.

अंधारात बूट वाजले. गोठ्याकडे गेले… परत आले. मग घण. एक दगड उडाला. दुसरा.

टॉर्किलनं अंग जमिनीला चिकटवलं.

गाडी हलली नाही.

ब्रेक नाही. दांडा नाही. दगड नाही. तरी हलली नाही…

रॉडीनं शिवी हासडली. बूट मागे गेले. जीप आणि भिंतीच्या मधे. खांदा लावून तो गाडी खाली ढकलू लागला. "जा ना… जा…"

आणि जीप गेली. वर. चढाकडे.

हाडं मोडल्याचा आवाज टॉर्किलनं ऐकला. वाळक्या काटक्या मोडाव्यात तसा. मग काहीतरी गरम ओघळत आलं त्याच्या बाहीत. रक्त होतं.

तो कसाबसा बाहेर आला. डोलिनाही धावत आली. दोघांनी जीप खाली ओढायला जीव तोडून जोर लावला. तसूभर सरकेना. भिंतीशी चेचलेला रॉडी अजून जिवंत होता. बरगड्या कातडीबाहेर आलेल्या. तो ड्रायव्हरच्या सीटकडे बघत होता. सीट रिकामी होती.

"दादा… सोड. मीच उडवला तेव्हा दगड… कबूल आहे. सोड…"

डोलिनानं ऐकलं. जीपवरचे दोन्ही हात काढून घेतले.

"राहू दे, टॉर्किल," ती म्हणाली.

जीप आणखी वीतभर मागे गेली. मग रॉडी काही बोलला नाही.

सकाळी माणसं ट्रॅक्टर घेऊन आली. साखळी लावली, तर चाकं फिरेनात, नुसती फरफटायला लागली. टॉर्किल खाली वाकला. दांडा जोडलेला. ड्रम बसवलेला. ब्रेक करकचून ओढलेला…

त्यानं खिशात हात घातला. रात्री काढलेले नटबोल्ट सगळे तिथेच होते.