कार्ड दुसरीकडे उघडं आहे

त्या दोघांची पहिली गाठ पडली ती एका बिजागरीवरून.

दारं-खिडक्यांना लागणारं सामान विकणाऱ्या दुकानात ती नुकतीच लागली होती. काउंटरवर काळा स्क्रीन, त्यावर हिरवी अक्षरं. माउस नावाचा प्राणी तिथे अजून पोहोचायचा होता. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड. ते उघडायचं, टॅब दाबत एकेका रकान्यातून पुढे सरकायचं, नग भरायचे आणि बाहेर पडायचं. आता कुणाला सांगितलं तर हसतील, पण त्या हिरव्या अक्षरांत एक मजा होती.

त्या दिवशी ती चार इंची बिजागरीचं कार्ड उघडायला गेली, तर स्क्रीनच्या तळाशी एक ओळ लुकलुकू लागली – 'कार्ड दुसरीकडे उघडं आहे : गोदाम'. समोर सुतार ताटकळत उभा.

"हे काय हो, काका?" तिने हेडक्लार्कना विचारलं. त्यांना अख्खं दुकान काकाच म्हणायचं.

"गोदामातला तो कार्ड उघडून बसला असेल. एका वेळी एकालाच आत शिरता येतं, पोरी. तो निघेपर्यंत तू बाहेर. फोन लाव आणि झाप त्याला चांगला."

तिने लावला. "काउंटरवरून बोलतेय. चार इंची बिजागरीचं कार्ड सोडा. गिऱ्हाईक उभं आहे!"

"सोडलं... रागावू नका हो," पलीकडचा आवाज हसत म्हणाला. "पण किती जोरात दाबता कळा! इथपर्यंत ऐकू येतंय. आणि रिकाम्या रकान्यांतून टॅब मारत काय बसता? एफ-सहा दाबा. थेट नगांवर जाल."

तिने दाबलं. कर्सर टुणकन उडी मारून नगांच्या रकान्यात जाऊन बसला.

"गेला!" ती इतक्या आनंदाने ओरडली की सुतारसुद्धा हसला.

मग ती झाली 'काउंटर' आणि तो 'गोदाम'. गोदाम गावाबाहेर, पुलापलीकडे. माल टेंपोने यायचा, त्यामुळे तिला तिकडे जायचं कारणच नव्हतं. तिने त्याला पाहिलंच नव्हतं. होता तो नुसता आवाज, आणि त्या आवाजामागे पत्र्यावर घुमणारे पारवे. कधी एकदम पत्रा ताडताड वाजू लागायचा आणि तो म्हणायचा, "काउंटर, पाऊस निघालाय तुमच्याकडे... छत्री आणलीय ना?" आणि खरंच, थोड्या वेळाने दुकानाच्या पायऱ्या भिजायच्या.

हळूहळू गोदामात कार्डं फारच उघडी राहू लागली. पोरगा वेंधळा झालाय, असं काका म्हणत. तिचंही सगळं साळसूद होतं अशातला भाग नाही. त्याला सकाळी कुठली कार्डं लागतात हे तिला पाठ झालं होतं, आणि नेमकी तीच ती उघडून ठेवायची. मग फोन वाजायचा.

एके दिवशी असाच वाजला.

"काउंटर, पितळी कडीचं कार्ड सोडा."

"कडी? ती यायची बंद होऊन किती वर्षं झाली! तुमच्याकडे एक नग नाही. तुम्हाला कशाला हवंय ते?"

"मग तुम्ही ते उघडून काय विकताय?"

तिने जीभ चावली. मग दोघंही एकदमच हसत सुटली.

"चेहरा लाल झालाय. ताप आहे का गं?" काकांनी विचारलं.

तेव्हापासून पितळी कडी त्यांची झाली. सकाळी जो आधी येईल त्याने ते कार्ड उघडायचं आणि दुसऱ्याने फोन करायचा. जेवलात का, खोकला गेला का, सगळं बोलणं व्हायचं; खरं बोलायचं तेवढं राहून जायचं. उद्या बोलू, असं दोघांनाही वाटे. उद्या कार्ड असणारच होतं.

आणि नवी सिस्टिम आली. रंगीत, माउसवाली. बसवणारा छाती फुगवून म्हणाला, "आता एकच कार्ड सगळ्यांनी एकदम उघडा! कुणी कुणाला अडवणार नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या, आणि मध्येच तिचे हात थांबले.

त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिचा हात रिसीव्हरपर्यंत जायचा आणि परत यायचा. करून म्हणणार काय? त्याला फक्त गंमत वाटत असेल तर? तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती एकाच गोष्टीची... तो म्हणेल, "बोला, काय काम होतं?" मग त्या आवाजालाही ती कायमची मुकली असती.

जुनी सिस्टिम महिनाअखेरपर्यंत गोदामात आणि दुकानाच्या कोपऱ्यातल्या मशीनवर चालू होती. शेवटच्या दुपारी काका म्हणाले, "आज बंद करतोय ती. काही बघायचं असेल तर बघून घे."

तिने धूळ पुसली. बोटांना सगळं आठवत होतं. एकदाच बघावी म्हणून तिने पितळी कडी उघडली.

'कार्ड दुसरीकडे उघडं आहे : गोदाम'.

तिने फोन उचलला... आणि तसाच ठेवून दिला. पर्स घेतली.

"काका, मी गोदामात जाऊन येते."

"काय काम काढलंस?"

"काम काहीच नाही."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग लवकर जा."

बस, पूल, आणि मग तो पत्रा. पारवे अगदी फोनमधल्यासारखेच घुमत होते. आत एक शिडशिडीत पाठ, एक बाही दुमडलेली, समोर हिरवी अक्षरं.

"कार्ड सोडा," ती दारातून म्हणाली. "गिऱ्हाईक उभं आहे..."

त्याने आधी फोनकडे पाहिलं. रिसीव्हर जागेवरच होता. मग तो वळला आणि बघतच राहिला.

"रोज उघडून बसतो," तो म्हणाला. "म्हटलं, कधीतरी अडाल, फोन कराल..."

"मी नव्या मशीनवर होते ना! तुम्ही का नाही केला?"

"काम काय सांगणार होतो?"

ती हसली, डोळे भरून आले तरी हसत राहिली.

"काय हवंय गिऱ्हाईकाला?" त्याने हळूच विचारलं.

"पितळी कडी."

"शिल्लक नाही... दुसरं काही चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. "तुम्ही आवडता मला. न बघताच आवडत होतात."

"मलाही. तुमचा पहिला राग ऐकला ना, तेव्हापासून."

तेवढ्यात फोन खणखणला.

"काउंटर पोहोचली का?" काकांचा आवाज तिलाही ऐकू आला.

"पोहोचली, काका."

"मग ती कडी सोडा की आता! तुमच्यापायी सिस्टिम बंद होत नाहीये."

तिनेच पुढे वाकून एस्केप दाबलं.

"अजून तितक्याच जोरात दाबता," तो म्हणाला.