आष्टीच्या सत्यशीलाबाई

धारूरच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. सासरे मन्मथप्पा होते तोवर आसपासच्या खेड्यांतल्या लग्नांचा बस्ता आमच्याच गादीवर बांधला जायचा. नवरीच्या शालूपासून व्याह्याच्या टोपीपर्यंत सगळं कापड, दोन्हीकडची माणसं दिवसभर चहा पीत, रुसत-फुगत आमच्याकडे निवडायची. २०११ पर्यंत मात्र लोक बस्त्याला लातूर-सोलापूर गाठू लागले, आणि आमचे हे, रुद्रेश, दुपारभर गादीवर बसून माश्या मारू लागले.

पुण्याच्या भाच्याने त्यांना फेसबुकवर दुकानाचं पान काढून दिलं. त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाने खाली चार चांगले शब्द लिहिल्याशिवाय कुणी भरवसा ठेवत नाही. कुणी लिहीना, तेव्हा ह्यांनीच एक गिऱ्हाईक तयार केलं. नाव सत्यशीला, राहणार आष्टी. आष्टी आमच्याच जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे ओळखीचं कुणी निघायची भीती नाही. बाईच्या फोटोच्या जागी आमच्या शोकेसमधल्या मोरपंखी इरकलीचा पदर लावला. मग इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने शोधत शोधत, मराठी लिहिलं : ‘माझ्या मुलीचा बस्ता इथंच बांधला. माणसं लई चांगली, घरच्यासारखी.’

मी पोट धरून हसले. ‘‘बाई आणली ते ठीक. तिला लेक कुठून आणली?’’

‘‘लेकीच्या आईवर बाया लवकर विश्वास ठेवतात,’’ हे म्हणाले. ‘‘मार्केटिंग हाय हे. तू तुझे ब्लाऊजपीस माप.’’

खोटं नाही सांगत, गिऱ्हाईक वाढलं. पोरं मोबाईलवर पान दाखवत आयांना घेऊन येऊ लागली. त्यात एकदा डोंगराकडच्या तुळजाबाई नातीच्या बस्त्याला आल्या. या म्हातारीला साधा फोन कानाला नीट लावता येत नव्हता. मी सहज विचारलं, दुकान कुणी सुचवलं?

‘‘आष्टीच्या सत्यशीलाबाईंनी. एसटीत शेजारी बसल्या हुत्या. लई गुणाची बाई. त्यांच्या बी लेकीचं लगीन वैशाखात हाय म्हणल्या.’’

मी बी.एस्सी. झालेली बाई आहे, अंगात येण्यावरसुद्धा माझा विश्वास नाही. आष्टीसारख्या गावात या नावाची खरी बाई असणारच, एवढा विचार केला आणि कापड फाडायला घेतलं. वैशाखात आमच्या ईश्वरीचंही लग्न होतं, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

ईश्वरी आमची एकुलती एक. तिला उदगीरचं स्थळ मिळालं. बस्ता अर्थात आमच्याच गादीवर बांधला. व्याह्यांनी जांभळा शालू पसंत केला आणि ईश्वरी तो खांद्यावर घेऊन सगळ्यांसमोर गोड हसली. तो फोटो ह्यांनी पानावर टाकला. संध्याकाळी खाली ओळ आली, स्वच्छ देवनागरीत : ‘ईश्वरीला जांभळा आवडत नाही. शालू मोरपंखी घ्या.’ लिहिणारी सत्यशीला.

शालू आवडला नाही हे ईश्वरीने फक्त मला सांगितलं होतं. स्वयंपाकघरात, मी कणीक मळत असताना, आमच्या दोघींत.

मी ह्यांच्यावर भडकले. दाराआडून बायकांचं बोलणं ऐकता आणि वर चव्हाट्यावर मांडता, असं मी म्हणाले. ह्यांचा चेहरा उतरला होता.

‘‘मी न्हाई लिहिलं, कावेरी. मला ही अक्षरं कॉम्प्युटरवर काढता तरी येतात का?’’ आणि त्यांनी सदऱ्यावरून गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. हा माणूस धंद्यात काय वाटेल ते बोलेल, पण तिथे हात ठेवून खोटं बोलणार नाही.

ईश्वरीला मात्र ती ओळ वाचून बरं वाटलं. ‘‘कोण गं या बाई?’’ तिने मला विचारलं. ‘‘मी न सांगता त्यांना कळलं. तुला सांगून तरी तू काय केलंस?’’ मला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ते खातं माझ्यादेखत काढून टाकलं. सत्यशीला संपली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि पापड लाटायला बसले.

पत्रिका आल्या. पहिली देवाला ठेवली. मग पाहुण्यांच्या पत्रिकांना माझ्या सासूबाई उमाबाई हळदकुंकू लावत होत्या आणि सोबत अक्षता बांधून देत होत्या. आपल्याकडे नुसता कागद गेला तर माणूस आला काय, न आला काय. अक्षत गेली की त्याला यावंच लागतं.

‘‘आष्टीच्या बाईंची पत्रिका कालच धाडली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एवढी गिऱ्हाइकं दिली त्यांनी. विसरलो तर बरं दिसतं का?’’

मी हातातलं काम ठेवलं. ‘‘आत्या, ती बाई नाहीच. तुमच्या लेकानं रचलेली आहे ती.’’

‘‘नसलेली बाई तुळजाबाईला एसटीत भेटली व्हय?’’

पत्रिका कंडक्टर बद्रीनाथच्या हाती दिली होती. आमची पार्सलं नेहमी तोच पोचवतो. मी स्टँडवर जाऊन त्याला गाठलं. पत्रिका परत आणली असेल, अशी माझी खात्री होती.

‘‘दिली की वहिनी,’’ तो म्हणाला. ‘‘आष्टीच्या स्टँडवर घ्यायलाच उभ्या हुत्या. अक्षत डोक्याला लावली त्यांनी.’’

घरी कुणाला काही सांगितलं नाही. लग्नघर होतं.

लग्नाच्या दिवशी मी मांडवात येणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड पाहून घेतलं. ओळखीच्या नसलेल्यांना नाव-गाव विचारलं. काही जणी चिडल्यासुद्धा. आष्टीचं कुणी नव्हतं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. दुपारनंतर माझं मला हसू आलं.

पाठवणीच्या वेळी ईश्वरी माझ्या गळ्यात पडून खूप रडली. मीही रडले. पाठराखीण म्हणून तिच्यासोबत सासूबाई जाणार होत्या. पहिल्यांदा सासरी जाताना लेकीजवळ माहेरची एक बाई हवीच. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून ईश्वरीचं डोकं दिसलं, आणि शेजारी पदर घेतलेलं आणखी एक डोकं. पाण्याने भरलेल्या डोळ्यांना रंग कुठला दिसतो?

मी मांडवात परत आले. कोठीच्या खोलीतून सासूबाई सुपारीचं ताट घेऊन बाहेर येत होत्या.

‘‘आत्या, तुम्ही गेला नाहीत?’’

‘‘त्या आष्टीच्या बाई आल्या की आत्ता मागच्या दारानं. म्हणल्या, तुमचे गुडघे दुखतात, परवास कावून करता? लेकीसंगं मी जाते.’’ त्या समाधानाने हसल्या. ‘‘मी ओटी भरली त्यांची.’’

‘‘दिसायला कशा होत्या?’’

‘‘पदर मोरपंखी हुता.’’

‘‘आणि तोंड?’’

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं.

‘‘न्हाई बाई आठवत.’’

मी ईश्वरीला फोन लावला. तिने लगेच उचलला. आवाज मोकळा होता, कधीच न रडल्यासारखा.

‘‘हॅलो, कोण बोलतंय?’’

‘‘अगं, मी. आई.’’

पलीकडे गाडीचा आवाज येत राहिला. मग तिने फोन तोंडापासून जरा दूर धरला.

‘‘आई,’’ ती शेजारी कुणाला तरी म्हणाली, ‘‘धारूरच्या कापडदुकानातून फोन आहे. काय सांगू?’’

‘‘नीट बोल गं त्यांच्याशी,’’ एका बाईचा मायाळू आवाज आला. ‘‘तुझा बस्ता तिथंच बांधला आपण. माणसं लई चांगली, घरच्यासारखी.’’