कोल्बेनने भावाचं नाव घेतलं तेव्हा

विश्वास ठेवाच, असा माझा हट्ट नाही. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. जिच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी नणंद, तोरुन. माझ्याच स्वयंपाकघरात बसून तिनं मला हे सांगितलं. कॉफीचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, आणि शेवटपर्यंत एक घोटही घेतला नाही.

आणि हो, ही मध्यरात्रीची गोष्ट नाही. भरदुपारची आहे.

माझं सासर नॉर्वेच्या पार उत्तरेला, हावनेस नावाच्या बेटावर. तिथे नोव्हेंबर संपता संपता सूर्य बुडतो, तो थेट जानेवारीत तोंड दाखवतो. त्यामुळे डिसेंबरातली दुपार म्हणजे...

काळोखच.

तोरुन गिटार वाजवायची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर ऑस्मुंड, ड्रम. दोघांचा हेवी मेटलचा बँड होता. वाजवायचे झकास, पण गाणारा काही मिळेना. ऑस्मुंडनं स्वतः गाऊन पाहिलं, तर शेजारचं कुत्रं रडायला लागलं.

मग एका हिवाळ्यात, बर्फाच्या वादळात, कोल्बेन दारात आला.

उंचापुरा गडी. दाढीत बर्फ गोठलेलं. त्या दिवशी बोटी बंद होत्या. पूलही बंद होता.

मग हा बेटावर आला कसा?

तेव्हा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"आसरा मिळेल?" त्यानं विचारलं.

"अरे बाबा, आधी आत ये," तोरुन म्हणाली. "दार उघडं राहिलं तर आम्हीही गोठू."

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "मला आसरा देणाऱ्याचं भलं होत नाही. नीट विचार करून सांग."

आतून ऑस्मुंड ओरडला, "ताई, कवी दिसतोय! घे आत. गाणी तरी लिहून देईल."

तोरुन हसली. म्हणाली, "दिला आसरा. ये."

आणि त्यानं खरंच गाणी लिहिली. गायलाही.

तो आवाज मी स्वतः ऐकलाय. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण तो गायला लागला की छातीच्या पिंजऱ्यात कुणीतरी मूठ आपटतंय असं वाटायचं. वर्षभरात त्याला ऐकायला पुलापलीकडच्या ट्रुम्सहून पोरंपोरी बसगाड्या करून यायला लागली. त्याच्यासारख्या दाढ्या ठेवायला लागली.

गाणी सगळी एकाच माणसाची. लढाईतून पळून गेलेल्या माणसाची. त्याला हाकलून देणाऱ्या गावाची.

"तुझं गाव कोणतं रे?" मी एकदा जेवताना विचारलं होतं.

तो सुक्या माशाचा तुकडा चावत म्हणाला, "ज्यांचं होतं, त्यांनी काढून घेतलं."

सगळे हसले. तो हसला नाही.

तो दाराकडे पाठ करून कधी बसला नाही. होडीत त्यानं कधी पाय ठेवला नाही. आणि एक गोष्ट तोरुननं पाहिली होती, पण कुणाला बोलली नव्हती. सराव चालायचा धक्क्यावरच्या माशांच्या जुन्या गोदामात. थंडी इतकी, की तिच्या आणि ऑस्मुंडच्या तोंडातून सारखी वाफ निघायची.

कोल्बेन छाती फोडून गायचा. त्याच्या तोंडातून...

काहीच निघायचं नाही.

त्या दुपारी ते नवं गाणं बसवत होते. शेवटच्या ओळीला कोल्बेन थांबायचा. तिथे एक नाव यायला हवं होतं, पळून जाणारा ज्याला मागे टाकतो त्या भावाचं. कोल्बेन ते घ्यायचाच नाही.

ऑस्मुंड वैतागला. "अरे, घे ना एकदाचं नाव! एवढा बाप्या माणूस, आणि एका नावाला घाबरतोस?"

"ऑस्मुंड, पुरे," तोरुन म्हणाली.

"का पुरे? गाण्यात सगळ्या जगाला भित्रा म्हणायचं, आणि स्वतः?"

कोल्बेनचा चेहरा दगडासारखा झाला. त्यानं माइक धरला. गाणं पुन्हा सुरू झालं. शेवटची ओळ आली...

आणि तो ओरडला, "हाल्वर!"

गिटार थांबली. गाणं संपलं.

तोरुनच्या लक्षात आलं, काहीतरी कमी झालंय. काय, ते आधी कळेना.

मग कळलं.

गोदाम समुद्रात रोवलेल्या खांबांवर उभं होतं. खालून दिवसरात्र लाटांचा आवाज यायचा.

तो बंद झाला होता.

आणि ड्रम मात्र चालूच होते. धम्म... धम्म... धम्म...

"ऑस्मुंड, थांब ना आता," ती न बघताच म्हणाली.

"ताई..."

तिनं वळून पाहिलं. ऑस्मुंडचे दोन्ही हात वर होते. काठ्या हवेत.

धम्म... धम्म...

आवाज बाहेरून येत होता. लाकडावर लोखंड आपटल्यासारखा. एका बाजूनं नाही, चारही भिंतींच्या पलीकडून.

"ती ट्रुम्सची पोरं असणार," ऑस्मुंड म्हणाला. काठ्या टाकून तो उठला. "माज आलाय यांना. थांब, बघतोच एकेकाला."

"दार उघडू नकोस!" कोल्बेन पहिल्यांदाच असा ओरडला.

तोवर ऑस्मुंड बाहेर गेला होता. त्याच्यामागे दार आपोआप लागलं.

धम्म-धम्म थांबलं.

तोरुन हाका मारत राहिली. "ऑस्मुंड! ए ऑस्मुंड!"



दाराच्या फटीतून पाणी आत यायला लागलं. खारं. काळं.

कोल्बेन कोपऱ्यात बसला होता, गुडघे छातीशी घेऊन. एवढा धिप्पाड माणूस... लहान मुलासारखा.

"ढाली बडवतायत," तो पुटपुटला. "मला शोधत होते. नाव घेतलं आणि ऐकू गेलं."

"कोण? कोण आहेत ते?"

"माझेच. किनाऱ्यावर लढाई झाली. हाल्वर माझ्यासाठी मागे थांबला, आणि मी होडी घेऊन एकटा निघून गेलो. जिवंतपणी गावानं हाकललं. मेल्यावर मेलेल्यांनीही दारात उभं केलं नाही. तेव्हापासून चालतोय."

दुसरं कुणी हे बोललं असतं तर तोरुननं त्याला वेड्यात काढलं असतं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो धापा टाकत होता... आणि वाफ नव्हती.

तिनं त्याची कॉलर धरली. "मला काही सांगू नकोस! तिकडे बाहेर माझा भाऊ आहे!"

कोल्बेननं तिच्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "भाऊ आहे."

तो उठला. दारापर्यंत गेला. हात कडीवर ठेवला आणि तसाच थांबला.

मग त्यानं दार उघडलं.

बाहेर ऑस्मुंड बर्फात गुडघ्यांवर बसला होता. अंगावरचे कपडे निथळत होते, जणू आत्ताच समुद्रातून काढलाय. त्याच्या मागे माणसं उभी होती. रांगच्या रांग, पार पाण्यापर्यंत.

चेहरे दिसत नव्हते. हालचाल नाही. एवढी माणसं, आणि एकाच्याही तोंडाची वाफ नाही.

कोल्बेन त्यांच्यात चालत गेला. रांग दुभंगली, पुन्हा मिटली.

तेवढ्यात पाण्याकडून कुणीतरी हाक मारली. रागानं नाही... अंधार पडल्यावर घरातलं थोरलं माणूस धाकट्याला जेवायला बोलावतं, तशी.

कोल्बेनचा हुंदका ऐकू आला. मग काहीच नाही.

तोरुन धावली. ऑस्मुंडला बगलेत धरून उठवायला लागली.

तेव्हा रांगेतला एक जण पुढे आला... तिच्यासमोर.

समुद्रतळाच्या गाळाचा वास आला. त्यानं तिला काहीतरी विचारलं. जुन्या भाषेत. शब्द कळले नाहीत, पण तो प्रश्न होता हे सुरावरून कळलं. तो उत्तराची वाट बघत थांबला.

तिला वाटलं, भावाला घरी घेऊन जातेस ना, असंच काही असेल. नाही म्हणायची छाती झाली नाही.

तिनं मान हलवली. हो.

तो समाधानानं मागे सरला. लाटांचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि धक्का रिकामा होता.

पोलिसांनी कोल्बेनसाठी समुद्र धुंडाळला. काही सापडलं नाही. पोरंपोरी अजून म्हणतात, प्रसिद्धीसाठी केलेलं नाटक आहे, येईल परत. ऑस्मुंडला त्या बाहेरच्या वेळातलं काहीच आठवत नाही. तो आता आत डोंगराकडे राहतो, समुद्र दिसणार नाही अशा गावात.

मी तोरुनला म्हटलं, "ओस्लोत जुनी भाषा जाणणारी माणसं आहेत. विचार ना त्यांना, तो काय म्हणाला ते."

"आणि अर्थ कळला की?" ती म्हणाली. "मी तर हो म्हणून बसलेय."

तिला तो प्रश्न अक्षरन् अक्षर पाठ आहे. मला म्हणून दाखवायला तिनं तोंड उघडलं. पहिला शब्द अर्धा बाहेर आला असेल...

मी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.