चिस्पाच्या आयाळीतल्या वेण्या

खेचराला चारा घालायला पहाटे उठायचं काम फ्लोरीचंच. ग्वातेमालाच्या डोंगरातलं ते कॉफीच्या मळ्यांचं गाव. गोठ्याकडे जाताना धुक्यात स्वतःचा हातसुद्धा दिसायचा नाही. त्या पहाटेही ती चाऱ्यासाठीच उठली होती, निदान घरात सगळ्यांना तसंच वाटलं.

खरं कारण होतं मिल्विया, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी बहीण. यंदा जत्रेची राणी म्हणून गावाने मिल्वियाला निवडलं आणि फ्लोरी दुसरी आली. राणीला काही अडचण आली तर मुकुट दुसरीने घालायचा, असा तिथला रिवाज. बहिणीचं वाईट व्हावं असं फ्लोरीच्या मनात मुळीच नव्हतं हो. तो एक दिवस आपला असावा, एवढंच. सोळाव्या वर्षी एवढंसंसुद्धा फार मोठं वाटतं.

कल्पना सुचली ती शाळेतल्या भयकथांच्या पुस्तकावरून. त्यात सोंब्रेरोन नावाचं भूत होतं, ताडमाड उंच, लाल डोळ्यांचं, डोक्यावर परातीएवढी टोपी. पोरी ते वाचून खिदळायच्या. आईला मात्र हसू आलं नाही. चित्र बघून ती म्हणाली, हे काढणाऱ्याने त्याला पाहिलेलं दिसत नाही. टोपी बरोबर आहे, पण तो एवढासाच, चुलीच्या कट्ट्याइतका. लांब केसांची पोर मनात भरली की आधी तिच्या घरच्या खेचराच्या आयाळीला वेण्या घालतो. मग पोरीच्या घासात माती यायला लागते आणि ती खंगत जाते.

तर फ्लोरीने गोठ्यात कंदील टांगून चिस्पाच्या आयाळीला वेण्या घातल्या. बारीक, घट्ट, सात वेण्या. चिस्पा मोठी खट खेचर, मानेला हात लावला की चावायची, मागे गेलं की लाथ. पण त्या पहाटे कुणी धरून ठेवल्यासारखी उभी राहिली. गोठ्यात ओल्या चामड्याचा वास येत होता. मध्येच काहीतरी किणकिणलं. लगामाची कडी असेल, असं म्हणून फ्लोरीने सातवी वेणी संपवली.

आई आता मिल्वियाला जत्रेपर्यंत घरात बसवेल, मीठ ओवाळेल, असा तिचा हिशेब. आईने वेण्या पाहिल्या आणि सरळ कात्री घेऊन आली. मिल्वियाचे गुडघ्यापर्यंतचे केस मानेपाशी कापले आणि पाद्रीबाबांकडून त्यांवर पवित्र पाणी शिंपडून आणायला फडक्यात बांधले. फ्लोरीचेही केस कमरेखाली होते. पण सोंब्रेरोन हिच्यासाठी आला असेल, हे कुणाच्या मनालाही शिवलं नाही. त्याही क्षणी फ्लोरीला तेच लागलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या तोंडून निघालं नाही, आणि मिल्विया मान खाली घालून केस कापू देत राहिली.

चौथ्या दिवशी जत्रा. आईने मिल्वियाला घराबाहेर पडू दिलं नाही, म्हणून फ्लोरीने मुकुट घातला, पण मिरवणूक अर्ध्यावर सोडून ती घरी आली. मिल्विया डोक्याला फडकं बांधून तव्यावर मक्याच्या भाकऱ्या टाकत होती. आई चर्चमध्ये. फ्लोरी चुलीपाशी बसली, मिल्वियाने वाढलेला घेवडा भाकरीत गुंडाळून तिने घास घेतला आणि तिला रडूच फुटलं.

"त्या वेण्या मी घातल्या होत्या गं."

"माहितेय," मिल्विया म्हणाली. "तुझ्या मागोमाग आले होते. गोठ्याच्या खिडकीतून दिसलीस की."

"मग बोलली का नाहीस? तुझे केस..."

"केस काय, येतील परत. तुला मार बसला असता, ताई. त्याच्यासकट सापडली असतीस."

"कुणासकट?"

मिल्वियाने भाकरी उलटली. "अगं, तो बुटका. चिस्पाचा दोर धरून उभा होता ना, मोठ्या टोपीवाला? मला वाटलं, मळ्यातलं कुणी पोरगं असेल. तुझं काहीतरी असेल त्याच्याशी. सारखा तुझ्या वेणीकडे बघत होता."

"मिल्विया... मी एकटीच होते."

भाकरी तव्यावर करपत राहिली. फ्लोरीने तोंडातला घास कसाबसा चावला. कचकच झाली. चार दिवस तिला वाटत होतं, आई हल्ली घेवडा नीट निवडत नाही.

"आज मी निवडला होता," मिल्विया हळूच म्हणाली. तिने फ्लोरीच्या पाठीवरच्या वेणीकडे पाहिलं आणि कात्री शोधायला उठली. फळीवर नव्हती, टोपलीत नव्हती.

बाहेर धुकं उतरत होतं. जत्रेच्या फटाक्यांनी बिथरून चिस्पा मघापासून गोठ्यात लाथा झाडत होती.

मग ती एकदम शांत झाली.