सोडलेला वजीर

आमच्या चष्म्याच्या दुकानात शिरताच त्यानं पहिला नमस्कार केला तो आरशाला. आरशानंही हात जोडले, तेव्हा कुठे तो ओशाळला... आणि मी काउंटरमागे हसू दाबत उभी!

त्याच्या हातात चष्म्याचे दोन तुकडे होते. नकाशे काढणारा माणूस, ऑफिसात स्वतःच्याच चष्म्यावर बसला होता. बाबा म्हणाले, "तासभर लागेल. तोवर हिच्याशी बुद्धिबळ खेळा." ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आमच्याकडे पट कायम मांडलेला असतो. वर भिंतीवर बाबांच्या हातची पाटी: 'हात लावलेला मोहरा खेळावाच लागेल.'

सातव्या चालीला त्यानं उंट समजून वजीर उचलला आणि थेट माझ्या हत्तीच्या तोंडी दिला.

"अहो, हा वजीर आहे," मी म्हणाले.

"अरे देवा! घ्या मग. हात लावलाय मी."

"बिनचष्म्याच्या माणसाचा वजीर नाही घेत मी."

"आणि चष्मा तुमच्याच ताब्यात... हा तर सरळ कट दिसतोय!"

चष्मा मिळाल्यावर त्यानं पटाआधी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

"नंबर बरोबर आहे ना?" बाबांनी विचारलं.

"अगदी स्पष्ट दिसतंय," तो म्हणाला. माझे कान तापले.

मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. कधी स्क्रू सैल, कधी काच पुसायची. खेळ मात्र चष्मा असूनही धांदरट! आणि मी त्याच्या चुकांकडे काणाडोळा करायला लागले. कारण सांगते. मागे समोरच्या औषधवाल्याला मी चौदा चालींत मात दिली होती. तो जो गेला तो पुन्हा फिरकला नाही. "जरा हरत जा गं," आई तेव्हा म्हणाली होती. हा नकाशेवाला मला आवडला होता, अगदी मनापासून. त्यानंही पाठ फिरवलेली मला सोसली नसती.

एका संध्याकाळी तो खेळता खेळता थांबला.

"काल घरी जाऊन मी आपला डाव पुन्हा मांडला. दोनदा वजीर आणि एकदा हत्ती फुकट पडला होता. तुम्हाला दिसला नाही?"

"नाही... म्हणजे—"

"चष्म्याच्या दुकानात बसून?"

मी पटावरचं एक प्यादं उगाच सरळ केलं.

"चिडलो नाहीये," तो हळूच म्हणाला, "पण वाईट वाटलं. मला वाटत होतं, आपण दोघं खेळतोय. तुम्ही तर मला खेळवत होतात."

तो गेला. चार दिवस आला नाही. मी त्याच त्या काचा पुसत बसले. "मीच तुला नको ते शिकवलं," आई म्हणाली.

पाचव्या दिवशी दार वाजलं. तो खुर्चीत बसायच्या आत मी बोलून टाकलं, "हरलात की येणार नाही, अशी भीती वाटायची मला."

"आणि मी आलो नाही तर?"

"तर... मला करमत नाही."

तो हसला. चार दिवसांनी दुकानात उजेड आल्यासारखं वाटलं मला.

"मग आज मनात काही न ठेवता हरवा."

हरवलं! लागोपाठ दोनदा. या वेळी त्याचा वजीर मी सोडला नाही, उचललाच. त्यानं "वा!" म्हटलं आणि तिसऱ्यांदा पट मांडला. त्या आनंदात माझंच लक्ष उडालं आणि माझाच वजीर उघडा पडला. त्यानं तो पाहिला, मग मला.

"सोडू?"

"खबरदार!"

त्यानं वजीर घेतला, आणि मी हरले. हरून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

मोहरे डब्यात भरताना आम्ही एकाच प्याद्याकडे हात नेला. त्याची बोटं माझ्या बोटांवर आली... आणि तिथेच राहिली.

"पाटी वाचलीय ना?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ऐकू येईना.

"चष्मा लावून," तो म्हणाला. "आता माघार नाही. तुझी काही हरकत?"

तो पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होता. आतून बाबा खोकले. मी हात होता तिथेच ठेवला.