अंगणातली बुलेट

साखरशेतच्या वळणावर बुलेट आडवी झाली, तेव्हा रंजना तिला शिव्या देत नव्हती. चक्क विनवत होती. "ऊठ गं बाई... फक्त आजच्या दिवस ऊठ. पाड्यावर बायका लेकरं घेऊन बसल्यात, लसी द्यायच्यात."

पण गाडी होती जुनी, अस्सल लोखंडाची, पावणेदोनशे किलोंची. आणि आमची ही आरोग्यसेविका अशी, की केंद्रातल्या काट्यावर उभी राहिली तर डॉक्टरांनी तिलाच लोहाच्या गोळ्या द्याव्यात. वसईच्या मामाने नवी गाडी घेतली आणि ही भाचीला दिली. प्रेमाने दिली, म्हणून नाही म्हणता आलं नाही.

"मॅडम, जुनी गाडी आहे... कमी ऐकू येतं तिला."

तिने वळून पाहिलं. उंच, सावळा मुलगा; तेलाने काळे झालेले हात आणि डोळ्यांत न दडणारं हसू. त्या हसण्याचा तिला आधी रागच आला.

"बघत काय उभे राहिलात? उचला की!"

त्याने उचलली. किक वाकली होती, चेन उतरली होती. हँडल धरून ढकलता ढकलता त्याने आपली ओळख सांगितली. हरेश. घर मोखाड्याकडचं, पण आईबाप कामासाठी भिवंडीला गेले, म्हणून वाढला तिकडेच. ठाण्याच्या वर्कशॉपमध्ये जड गाड्या हलक्या करायला शिकला आणि आता जव्हारच्या एसटी डेपोजवळ त्याची गॅरेजची टपरी होती.

"रोज पडते?"

"रोज नाही. रविवारी सुट्टी असते."

तो मोठ्याने हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "हलकी करून देऊ? तुम्हाला एकटीला उचलता येईल, इतकी?"

तिच्यासाठी एवढं काही करतो, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने मान खाली घातली आणि पुटपुटली, "बघू..."

टपरीत दोन स्कूटर उभ्या राहिल्या की तिसरीला जागा नसे, म्हणून बुलेट रंजनाच्या अंगणातच उघडली गेली. संध्याकाळी टपरी बंद करून हरेश यायचा. जाड पत्र्याचे मडगार्ड निघाले, क्रॅश गार्ड निघालं, बाजूचे लोखंडी डबे निघाले. चेसिसला मात्र त्याने हात लावला नाही. "आरटीओसमोर उभं राहायचंय एक दिवस," तो म्हणायचा. निघालेला प्रत्येक भाग भात मोजायच्या काट्याला टांगायचा, आणि अंगणात जमलेल्या बायका आधी वजनाचा अंदाज सांगायच्या. शेजारची रुपी दर वेळी जिंकायची. आयुष्यभर डोक्यावर ओझी वाहिलेली बाई ती, तिला काट्याची गरजच नव्हती.

रंजनाचा बाप तुका ओट्यावर बसून हे सगळं बघायचा. तिसऱ्या संध्याकाळी त्याने हाक मारली, "ये पोऱ्या, तं सायलेन्सर मंग खोल. आधी ही लाकडा फोड."

हरेशने फोडली. दुसऱ्या दिवशी कुडाची भिंत सारवायला मदत केली. सुगी आली तशी भातकापणीलाही वाकला, पाठ धरली तरी वाकला. मजुरीचा विषय काढला नाही. रंजनाच्या आईने, रखमीने वाढलेली नाचणीची भाकरी आणि उडदाची डाळ मुकाट जेवायचा आणि जाताना म्हणायचा, "उद्या येतो, काकी."

आता या भागात जुनी रीत अशी, की ज्याच्याजवळ मुलीचं देज, म्हणजे तिच्या बापाला द्यायचं वधूमूल्य नसेल, त्याने तिच्या बापाच्या घरी राबावं; बाप खूश झाला की लग्न. हल्ली कोणी करत नाही. पण तुकाने स्वतः रखमीसाठी सासऱ्याकडे दोन पावसाळे काढले होते. तेव्हा रोज येणारा, राबणारा, पैसे न मागणारा मुलगा पाहून त्याने जे समजायचं ते समजून घेतलं.

रंजनाला हे कळलं आणि तिचे कान तापले. हरेशला सांगायला हवं होतं. शहरात वाढलेला, त्याला काय ठाऊक! पण सांगितलं तर तो यायचा थांबेल... आणि संध्याकाळी ते अंगण रिकामं? छे! तिने उद्यावर ढकललं, मग परवावर. एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

झोडणीच्या दिवशी मात्र रुपीने घात केला. भर खळ्यावर ती ओरडली, "तुका, जावई झकास राबतो रं तुझा!"

हरेशचा हात थबकला. त्याने रंजनाकडे पाहिलं, मग मान वळवली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. रंजना जव्हारला मीटिंगला गेली तेव्हा मुद्दाम डेपोकडून गेली, टपरीला कुलूप. घरी येऊन ती अर्ध्या उघड्या बुलेटशेजारी बसली आणि तिला रडूच कोसळलं. गेला. आपण गप्प बसलो आणि तो गेला.

रविवारी दुपारी अंगणात सावली पडली. खांद्यावर अ‍ॅल्युमिनियमची छोटी, चकचकीत पेट्रोलची टाकी घेऊन तो उभा.

"ठाण्याला गेलो होतो. बनवून घेतली. तुला सांगून जाणार होतो, पण त्या दिवशी... धीर झाला नाही."

"हरेश, मला बोलायचंय." ती एका दमात म्हणाली, "माझ्या बाला वाटतं तू माझ्यासाठी राबतोस. मला माहीत होतं. तू येत राहावंस म्हणून मी सांगितलं नाही."

तो टाकी बसवत राहिला. कान मात्र लालबुंद झाले होते.

"मलाही माहीत होतं."

"काय?"

"लाकडं फोडली त्याच रात्री आईला फोनवर सांगितलं. ती एवढी हसली... मग रीत समजावून म्हणाली, पोरीचं नाव काय?"

"आणि तू तरी येत राहिलास?"

"म्हणूनच येत राहिलो." त्याने शेवटचा बोल्ट आवळला. "काकांना मी पसंत आहे. काकीही जास्तीची भाकरी वाढते. तुला विचारायचं तेवढं राहिलं."

त्याने बुलेट हळूच जमिनीवर आडवी केली. "आधी हे. उचल."

रंजनाने ओढणी कमरेला खोचली, हँडल धरलं, पाय रोवले. एक हिसका... आणि गाडी उभी! तुका ओट्यावरून उठलाच. रखमीने तोंडाला पदर लावला.

हरेश हसला, पण हसू लगेच मावळलं. "झालं. आता तुला माझी गरज नाही."

"गाडी उचलायला नाही."

"मग?"

"मग काय? मला तू हवास. तू आवडतोस मला. संध्याकाळ झाली की नुसती रस्त्याकडे बघते मी. अजून कसं सांगू?" आणि तिने त्याचे दोन्ही तेलकट हात आपल्या हातात घेतले.

दोन्ही हात! बुलेट धडामदिशी मातीत पडली.

"गाडी—" तो दचकला.

"पडू दे," रंजना म्हणाली. "मला उचलता येते."